हरलं कोण, प्रोग्राम की लॅपटॉप? पारोळा–भुसावळ सामन्याचं प्रकरण

"मना प्रोग्राम नही हारना सर, मना लॅपटॉप हारना." म्हणजे, माझा प्रोग्राम नाही हरला सर, माझा लॅपटॉप हरला.

मे महिन्यातल्या भर दुपारी आलेला हा फोन म्हणजे या प्रकरणातली मूळ तक्रार. फोन करणारा पारोळ्याचा. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, घरी कापसाची शेती, आणि दीड वर्ष खपून स्वतः लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम. नाव 'बोरी', गावाकडच्या नदीवरून. समोरचा भुसावळचा, वर्षाने मोठा, त्याच्या प्रोग्रामचं नाव 'तापी'. दोघंही माझ्याकडे कधीकाळी सी प्लस प्लस शिकायला बसलेले, म्हणून पंच मी. बोरी शेवटी तापीलाच जाऊन मिळते, यावरून भुसावळकराने आधीच यथेच्छ चेष्टा करून घेतली होती. त्यामुळे माझ्यापर्यंत आलं तेव्हा प्रकरण चांगलंच पेटलेलं होतं.

सामना त्यांनी असा खेळवला. प्रत्येक जण आपापल्या घरी, मध्ये मोबाईलवर व्हिडिओ कॉल. एकाच्या प्रोग्रामने चाल काढली की तो ती तोंडाने सांगणार, दुसरा ती आपल्या पटावर टाकणार. प्रत्येक बाजूला १० मिनिटं, एकूण २० डाव. तापीने ७ जिंकले, बोरीने २, बाकी ११ बरोबरीत. म्हणजे १२.५ विरुद्ध ७.५.

भुसावळला आठ कोअरचा रायझन ७ ५७०० एक्स, १६ जीबी रॅम, वर हाताच्या पंजाएवढा पंखा. पारोळ्याला मावसभावाने वापरून दिलेला लॅपटॉप, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, दोन कोअर, ४ जीबी रॅम, आणि हे सगळं पत्र्याच्या खोलीत. भुसावळकराचं म्हणणं, "सर, चाल लॅपटॉप शोधत नाही, प्रोग्राम शोधतो." हे ऐकायला बरं वाटतं. पण शोधायला वेळ लागतो, आणि दहा मिनिटांत किती शोधून होतं ते यंत्र ठरवतं.

आधी सेटिंग दाखवा

मी दोघांनाही सांगितलं, भांडण नंतर. आधी सामन्याच्या वेळी जे जे सेटिंग होतं त्याचे फोटो पाठवा. ते आले आणि मी कपाळाला हात लावला.

तापी आठ थ्रेडवर, म्हणजे शोधाचं काम एकाच वेळी आठ ठिकाणी वाटून, चालत होता, बोरी एकावर. बोरीला एकच थ्रेड वापरता येतो, हा त्याचा दोष, तो मान्य. पण हॅश टेबलचं काय? बुद्धिबळात एकच स्थिती वेगवेगळ्या क्रमाने चाली करून पुन्हा पुन्हा समोर येते. एकदा तपासलेली स्थिती प्रोग्राम या टेबलात टिपून ठेवतो, म्हणजे तीच मेहनत पुन्हा नको. टेबल लहान असेल तर जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढतात आणि झालेलं काम पुसलं जातं. तापीला ४ जीबीचं टेबल होतं, बोरीला १६ एमबीचं. कारण काय, तर पट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुळात १६ लिहिलेलं होतं आणि या पठ्ठ्याने ते कधी उघडून बघितलंच नाही! लॅपटॉप गरीब होता हे खरं, पण २५६ द्यायला त्याची ना नव्हती.

पुढची गंमत पाँडरिंगची. समोरच्याचं घड्याळ चालू असताना आपणही विचार करत राहायचं, याला पाँडरिंग म्हणतात. तापीत ते चालू होतं. आता आठवा, चाली तोंडाने सांगितल्या जात होत्या. भुसावळहून "घोडा एफ तीन" असं सांगायचं, पारोळ्यात कॉल अडखळायचा, "काय, काय?" व्हायचं, मग चाल टाकली जायची. या पाच-सात सेकंदांत बोरी रिकामा बसलेला आणि तापी फुकटात विचार करतोय. डावात पन्नास-साठ चाली धरा म्हणजे हिशोब कळेल.

आणि वीज. अकराव्या डावापासून पारोळ्यात लाईट गेली ती तीन तास. लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि विंडोजने आपल्या मनाने बॅटरी वाचवायला प्रोसेसरचा वेग खाली आणला. हे त्या मुलाच्या लक्षातही आलं नव्हतं. बोरीचे दोन्ही विजय पहिल्या दहा डावांतले निघाले. यावरून काही सिद्ध होत नाही, पण त्याने ते मला तीनदा सांगितलं.

वीस डावांची किंमत

सेटिंग बाजूला ठेवू. समजा सगळं चोख होतं, तरी १२.५–७.५ या निकालातून काय कळलं असतं? ६२.५ टक्के गुण म्हणजे खेळाडूची ताकद मोजणाऱ्या एलो मोजपट्टीवर सुमारे ८९ गुणांची आघाडी. आकडा भारदस्त आहे. पण ७ विजय, २ पराभव, ११ बरोबरी यांतला चढउतार धरून ९५ टक्के खात्रीची कक्षा काढली तर ती साधारण उणे ८ पासून अधिक २०१ पर्यंत पसरते. म्हणजे तापी २०० गुणांनी सरस असू शकतो किंवा बोरीपेक्षा कणभर कच्चाही असू शकतो. वीस डाव आपल्याला एवढंच सांगतात.

माणसांच्या स्पर्धांची सवय असलेल्यांना हे पटत नाही. विश्वविजेतेपद चौदा डावांत ठरतं की! ठरतं, कारण तिथे विजेता निवडायचा असतो, ताकद मोजायची नसते. कास्पारोव्ह १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाकडून ३.५–२.५ असा हरला तो सहा डावांच्या सामन्यात. डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचा आणि त्यासाठी खास बनवलेल्या ४८० चिप त्यात होत्या. त्यातला प्रोग्राम किती हुशार आणि चिपा किती हुशार, हे वेगळं काढायचा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही. यंत्र आणि प्रोग्राम मिळून एकच खेळाडू होता.

इथे मात्र दोन पोरं प्रोग्रामवरून भांडत होती.

ओला कापूस, कोरडा कापूस

पारोळ्याला गेलो तेव्हा मुलाचे वडील ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. दोन कप चहा झाल्यावर म्हणाले, "सर, खरेदी केंद्रावर आमचा कापूस नुसता काट्यावर टाकत नाहीत. आधी ओलावा बघतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे बारापर्यंत कपात, त्याच्या वर गेला की गाडी परत. तुमच्यात तसं यंत्र नाही का?"

आहे. आणि प्रकरण खरं गुंतागुंतीचं इथूनच होतं.

पद्धत अशी. दोघांपैकी कुणाचाच नसलेला तिसरा प्रोग्राम घ्यायचा, तो दोन्ही यंत्रांवर चालवायचा, आणि सेकंदाला किती स्थिती तपासतो ते बघायचं. स्टॉकफिश यासाठी सोयीचा, कारण तो मोफत आहे, खुला आहे, आणि त्यात 'बेंच' नावाची आज्ञाच आहे. ती दिली की तो ठरावीक स्थितींचा संच ठरावीक खोलीपर्यंत तपासतो आणि शेवटी एकूण तपासलेल्या स्थिती आणि सेकंदाचा वेग छापतो. एका थ्रेडवर चालवलं तर एकूण स्थितींचा आकडा त्याच आवृत्तीत प्रत्येक यंत्रावर तोच यायला हवा. नाही आला तर कुठेतरी वेगळी आवृत्ती शिरलेली आहे असं समजायचं. आमच्याकडे पहिल्यांदा नाहीच आला! भुसावळकराने नवी आवृत्ती उतरवली होती, पारोळ्यात आठ महिने जुनी होती.

दुरुस्त करून पुन्हा लावलं. पहाटे सहाला लॅपटॉपचा वेग एक, दुपारी दोनला त्याच्या दोन तृतीयांश. प्रोसेसरचं तापमान शंभरीकडे गेलं की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि पारोळ्यात मे महिन्यात पत्र्याखाली तो शंभरीकडे जायला काही फार कष्ट लागत नाहीत. लॅपटॉप उलटा केला तर पंख्याच्या जाळीवर करड्या रंगाचा नमदा बसलेला. सरकीच्या घरातला कापसाचाच तंतू असावा. मुलाने तो दाभणाने ओढून काढला, अखंड, टोपीसारखा. नंतर दुपारचा वेग बराच सुधारला, तरी मी मोजमाप पहाटेचंच धरायचं ठरवलं.

आता गुणोत्तर. स्टॉकफिशच्या ताज्या आवृत्तीने सांगितलं, भुसावळचं यंत्र एका थ्रेडवर साडेचारपटीहून वेगवान. मला तो आकडा जास्त वाटला, म्हणून स्टॉकफिश ११ लावून बघितला. तो म्हणाला, तिप्पट.

यंत्रं तीच, मापं दोन. कारण शोधायला अर्धा दिवस गेला, पण सापडलं ते मोलाचं. स्टॉकफिश ११ स्थितीचं मूल्यमापन माणसांनी लिहिलेल्या नियमांनी करतो. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून त्यात एनएनयूई नावाचं छोटं न्यूरल जाळं आलं, म्हणजे नियम लिहून न देता उदाहरणांवरून शिकलेलं मूल्यमापन. ही कल्पना मुळात २०१८ मध्ये यू नासू यांनी जपानी शोगी खेळासाठी काढलेली. या जाळ्यात एकाच वेळी पुष्कळ छोट्या आकड्यांचे गुणाकार-बेरजा कराव्या लागतात, आणि त्यासाठी प्रोसेसरमधल्या एव्हीएक्स-२ या आज्ञा फार कामी येतात. इंटेलने त्या चौथ्या पिढीत, २०१३ मध्ये आणल्या. आपला आय-थ्री तिसऱ्या पिढीचा. एका पिढीने हुकला.

मग तेच मोजमाप त्या दोघांच्या प्रोग्रामवरही केलं. बोरीचं मूल्यमापन हाताने लिहिलेलं, तो भुसावळच्या यंत्रावर तिप्पट पळाला. तापीत छोटं जाळं, तो पाचपट. म्हणजे 'हे यंत्र त्या यंत्राच्या इतके पट' असा एक आकडा अस्तित्वातच नाही. प्रत्येक प्रोग्रामसाठी तो वेगळा. ओलाव्याचं यंत्र प्रत्येक शेतकऱ्याच्या कापसाला वेगळा काटा लावत असेल तर काकांनी काय केलं असतं, कोण जाणे.

शिवाय यात एक मजेशीर पेच आहे. बोरीला लॅपटॉपवर बसवून न्याय द्यायचा तर त्याला त्याच्या स्वतःच्या गुणोत्तराने, म्हणजे तिप्पट वेळ द्यायला हवा. ते गुणोत्तर काढायला बोरी भुसावळच्या यंत्रावर चालवावा लागतो. आणि तो तिथे चालतोच आहे, तर सामनाही तिथेच घ्या की! वेळ वाढवून-घटवून दोन यंत्रं जुळवायची खटपट तेव्हाच कामाची, जेव्हा अनेक लोक आपापल्या संगणकावर डाव खेळवून एकच यादी बनवतात. सीसीआरएल ही क्रमवारी तसंच करते. तिथला ४० चालींना १५ मिनिटांचा वेळ इंटेल आय-सेव्हन ४७७०के या प्रोसेसरला धरून आहे, आणि बाकीचे आपल्या यंत्राच्या वेगाप्रमाणे तो कमी-जास्त करतात. स्टॉकफिशच्या सुधारणा तपासणारी फिशटेस्ट ही यंत्रणाही स्वयंसेवकाच्या संगणकावर आधी बेंच लावून मगच वेळ ठरवते. पण लक्षात घ्या, या दोन्ही ठिकाणी डावातले दोन्ही प्रोग्राम एकाच यंत्रावर बसलेले असतात. एक इकडे, एक तिकडे असं नसतं.

"मग स्थिती मोजून द्या"

भुसावळकर हुशार आहे. तो म्हणाला, "वेळ सोडा सर. प्रत्येकाला चालीमागे दहा लाख स्थिती द्या, यंत्राचा संबंधच संपला."

यंत्राचा संबंध संपतो, पण न्याय होत नाही. एक प्रोग्राम प्रत्येक स्थितीवर रेंगाळतो, बारकाईने बघतो. दुसरा नजर टाकतो आणि पुढे जातो. दोघांना सारख्याच स्थिती दिल्या तर रेंगाळणाऱ्याला त्याच्या संथपणाचा दंड बसतच नाही. त्यात 'तपासलेली स्थिती' कशाला म्हणायचं, हे प्रत्येक प्रोग्रामकर्ता आपल्या मनाने ठरवतो. तापीतल्या जाळ्याला हा सौदा अर्थातच फायद्याचा होता, आणि ते भुसावळकराला पुरतं ठाऊक होतं. एकाच प्रोग्रामच्या दोन आवृत्त्यांसाठी ही युक्ती चालते, दोन वेगळ्या घराण्यांसाठी नाही.

याच मुद्द्यावर जगभर खडाजंगी झालेली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या डीपमाइंड कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या अल्फाझीरो या प्रोग्रामने स्टॉकफिश ८ ला १०० डावांत हरवलं, २८ विजय, ७२ बरोबरी, पराभव शून्य. अल्फाझीरो सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती बघायचा, स्टॉकफिश ७ कोटी. वरवर पाहता स्टॉकफिशचीच चैन होती. पण अल्फाझीरो चार टीपीयूवर, म्हणजे न्यूरल जाळ्यांसाठीच घडवलेल्या चिपांवर चालत होता, आणि स्टॉकफिशला ६४ थ्रेड देऊन हॅश मात्र १ जीबीच दिलेलं होतं. वर प्रत्येक चालीला सक्तीने एक मिनिट. अवघड जागी जास्त आणि सोप्या जागी कमी वेळ खर्च करायची स्टॉकफिशची विद्या त्यात वायाच गेली. आरडाओरडा झाला. २०१८ च्या अखेरीस आलेल्या शोधनिबंधात अटी बदललेल्या होत्या: स्टॉकफिशला ४४ कोअर, ३२ जीबी हॅश, प्रत्येक बाजूला ३ तास आणि चालीमागे १५ सेकंद. १००० डावांत अल्फाझीरोचे १५५ विजय, ६ पराभव. निकालाची दिशा तीच राहिली, पण यावेळी वाद घालायला जागा कमी होती. १ जीबी आणि ३२ जीबीची ही गोष्ट मी या दोघांना सांगितली, तेव्हा पारोळेकराची कॉलर उगाचच ताठ झाली. जणू डीपमाइंडनेही त्याच्यावरच अन्याय केला होता.

एका यंत्रावर

शेवटी मी अटी लिहून दिल्या. दोन्ही प्रोग्राम एकाच यंत्रावर. एक थ्रेड, २५६ एमबी हॅश, पाँडरिंग बंद, कारण एकाच यंत्रावर ते चालू ठेवलं तर एक दुसऱ्याच्या वाट्याचा प्रोसेसर आणि मेमरी खातो. स्वतःचं ओपनिंग बुक, म्हणजे सुरुवातीच्या तयार चालींची यादी, बंद; ५०० सुरुवातीच्या स्थिती मी निवडून देणार आणि प्रत्येक स्थिती दोनदा खेळली जाणार, एकदा हा पांढरा, एकदा तो. डावाला १० सेकंद आणि चालीमागे ०.१ सेकंद. चाली सांगायला माणूस नाही, क्यूटचेस नावाचं सॉफ्टवेअर ते काम करणार. एकूण १००० डाव, आणि हे सगळं दोनदा: एकदा भुसावळच्या यंत्रावर, एकदा पारोळ्याच्या लॅपटॉपवर.

दुसऱ्या भागाला भुसावळकराने हरकत घेतली. "जुन्या डबड्यावर कशाला?" मी म्हटलं, डबडं असलं तरी दोघांना एकच आहे.

भुसावळला तासा-दोन तासांत उरकलं, कारण चार डाव शेजारी शेजारी चालवले. आठ कोअर असूनही आठ डाव लावले नाहीत, मेमरीवर गर्दी झाली की वेग डगमगतो. पारोळ्यात एका वेळी एकच डाव. रात्री नऊला लॅपटॉप गच्चीवर नेला, खाली दोन विटा, बाजूला टेबलफॅन, वायर जिन्यातून. घरातले सगळे तसेही गच्चीवरच झोपलेले होते. सकाळी सहाला मुलाच्या आजीने सांगितलं की तो पोरगा चार वेळा उठून बघत होता.

भुसावळच्या यंत्रावर तापी ५४३, बोरी ४५७. सुमारे ३० एलोची आघाडी तापीला.

लॅपटॉपवर बोरी ५२८.५, तापी ४७१.५. सुमारे २० एलोची आघाडी बोरीला.

१००० डावांत खात्रीची कक्षा अधिक-उणे १७ च्या आसपास येते, त्यामुळे दोन्ही निकाल योगायोगाच्या बाहेर आहेत, दुसरा जेमतेम. तापीतलं जाळं एव्हीएक्स-२ असलेल्या यंत्रावर आपला खर्च भरून काढतं, नसलेल्यावर काढत नाही. माझ्या मते हेच या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी निष्पन्न, आणि ते पहिल्या वीस डावांच्या वादात कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

आठ थ्रेडचा मुद्दा भुसावळकराने सोडला नाही, आणि तिथे मी त्याच्या बाजूचा आहे. अनेक थ्रेडवर शोध नीट वाटून देणं अवघड काम आहे. आठ थ्रेड म्हणजे आठपट ताकद अजिबात नव्हे, पण जी मिळते ती प्रोग्राम लिहिणाऱ्याने कमावलेली असते. म्हणून निकालाची तिसरी ओळ वेगळी ठेवली: तेच यंत्र, तापीला आठ, बोरीला जेवढे झेपतील तेवढे. सीसीआरएलसुद्धा एका प्रोसेसरची आणि अनेक प्रोसेसरची नोंद वेगळी ठेवते. जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धा भरवणाऱ्यांनाही हे करावं लागलं. तिथे प्रत्येक जण आपलं यंत्र घेऊन यायचा. सगळ्यांना सारखं यंत्र देणारी सॉफ्टवेअर स्पर्धा २०१० पासून वेगळी सुरू झाली. तिसऱ्या ओळीत तापी एवढा पुढे गेला की कक्षा काढायची गरजच पडली नाही.

तिन्ही ओळी मी वर्गातल्या फळ्यावर लिहिल्या, प्रत्येकीसमोर यंत्र, थ्रेड, हॅश, वेळ आणि डावांची संख्या. पारोळेकराने दुसऱ्या ओळीचा फोटो काढला, भुसावळकराने पहिल्या आणि तिसऱ्या. तो आता जुन्या प्रोसेसरसाठी तापीचं जाळं निम्म्या आकाराचं करतोय. बोरीत दुसरा थ्रेड घालायचं काम सुरू आहे, पण रोज एक नवा डाव मध्येच लटकतो.

त्यात आता जळगावहून तिसरा आला आहे. त्याच्याकडे ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ३०६०, आणि त्यावर चालणारा लीला चेस झीरोसारखा मोठ्या जाळ्याचा प्रोग्राम. हा लॅपटॉपवर बसवताच येत नाही, आणि कार्ड नसलेल्या यंत्रावर लंगडतो, त्यामुळे 'एकच यंत्र' हा माझा नियम इथे उपयोगाचा नाही. अशा जोड्यांसाठी अल्फाझीरोच्या सामन्यातलं प्रमाण वापरतात. ७ कोटी भागिले ८० हजार म्हणजे ८७५, त्या हिशोबाने दोघांचे वेग जुळले की यंत्रं सारखी समजायची. पण ते एका सामन्यातून उचललेलं माप आहे, निसर्गनियम नव्हे. त्यापेक्षा मला सारखी किंमत किंवा सारखी वीज हे निकष बरे वाटतात. त्याचं एकटं कार्ड १७० वॅटचं, भुसावळचा अख्खा प्रोसेसर ६५ चा. मी त्याला सांगितलं आहे, आधी यंत्राची पावती आणि गेल्या दोन महिन्यांचं वीजबिल पाठव, मग अटी लिहू. पावती आली. बिल घरच्यांकडे आहे म्हणतो.